सहा भोकांचा पास

मासळी बाजाराच्या मागे, नदीच्या धक्क्यावर
समुद्रसिंह लोळतायत. त्यांना पास लागत नाही.
मला लागतो. नेलिदानं आणून दिला:
पिवळा पुठ्ठा, त्यावर सहा भोकांची जागा,
आणि एक पुस्तिका. पाच दिवस, त्र्याण्णव सिनेमे.

त्र्याण्णवातून सहा.
चाळीस वर्षं मासे निवडतेय मी.
डोळा बघायचा, कल्ला उचलायचा,
बोटानं दाबायचं, खळगा भरून आला तर ताजा.
सिनेमाला कुठं दाबायचं?

दोन-दोन ओळींत आख्खा जन्म कोंबलाय.
'एक स्त्री गावी परतते. तिथं तिला काहीतरी सापडतं.'
अशा सात बायका मोजल्या.
सगळ्यांना काहीतरी सापडतं,
एकीचंही भाडं थकलेलं नाही.
'मौन' एकोणीस वेळा.
'हळुवार' अकरा वेळा. हळुवार म्हणजे
पहिली वीस मिनिटं कुणी बोलणार नाही
आणि माझी मान खाली जाणार,
एवढं मला गेल्या वर्षीच कळलंय.

आर्तेमियो म्हणतो, बक्षीसवाले बघ.
आर्तेमियो टरबूजही वाजवून घेत नाही,
चिठ्ठी चिकटवलेलं घेतो.
त्याची मुलगी म्हणते, दिग्दर्शकाचा फोटो बघा,
न हसणाऱ्याचा सोडून द्या.
नेलिदा म्हणते, लांबी बघ बाई, लांबी.
निएब्लाची शेवटची बस साडेनवाची,
तिच्यापुढं कुणाचाच शेवट मोठा नाही.

मग पेन्सिल काढली.
तीन तास दहा मिनिटांचा खोडला. जीवावर आलं.
त्यात एक पुरा हिवाळा आहे म्हणे,
उत्तरेकडच्या कुठल्याशा बेटावरचा.
युद्धाचे दोन ठेवले, एक खोडला,
मग खोडलेला ठेवला,
मग वाटलं, मी कोण ठरवणारी,
आणि दोन्हींवर चहाचा कप ठेवला.

गुरुवारी सात वाजता मात्र पेच.
मोठ्या सभागृहात तो, ज्याच्याबद्दल सगळं गाव बोलतंय.
वरच्या छोट्या खोलीत, बावन्न खुर्च्यांच्या,
'बर्फ', एकाहत्तर मिनिटं, बाल्तासार ओयार्सूनचा.
बर्फवाल्या ओयार्सूनचा धाकटा.
सहा वर्षांपूर्वी कॅमेरा घेऊन आला होता गाळ्यावर,
मी खवल्यांच्या पाण्याची बादली
त्याच्या बुटांच्या दिशेनं कलती केली होती.

खोटं कशाला बोलू,
मी त्यात आहे का, एवढंच बघायला गेले.

नऊ माणसं होती. त्यातला एक पंखा दुरुस्त करणारा.
बर्फ ट्रकमधून उतरला, फुटला, वितळला,
फरशीवरून नाल्यात, नाल्यातून नदीत,
आणि नदीच्या पाण्यात
चाळीस वर्षांत मी न पाहिलेली एक हिरवी झाक होती.
मग आमचा गाळा आला.
मी नव्हते.
त्या आठवड्यात गुडघ्यासाठी दवाखान्यात होते.
दोरीला होती.
मागच्या जूनमध्ये गेलेली माझी दोरीला,
ॲप्रनच्या खिशात हात घालून सुट्टे मोजणारी,
गिऱ्हाइकाशी हवापाण्याच्या गप्पा,
आणि अंगठा अलगद तराजूच्या पारड्यावर.

सत्तावीस वर्षांची भागीदारी.
संशय होता मला. पुरावा आज मिळाला.
अंधारात मी इतक्या मोठ्यानं हसले
की पंखेवाला वळून बघायला लागला,
आणि नंतर पुढची दहा मिनिटं
पडद्यावर काय होतं ते मला सांगता येणार नाही.

दिवे लागले. प्रश्न विचारा म्हणाले.
कुणी विचारेना. बाल्तासार माइक धरून उभा,
बापासारखाच, ओझं उतरवायला जागा न सापडलेला.
बस गेली होती.

त्याच्याच गाडीनं सोडलं त्यानं मला,
मागे रिकामी पिंपं खडखडत होती.
पुलापर्यंत गप्प. मग म्हणाला,
'तो तराजूचा शॉट. ठेवायला नको होता का?
अंगठा दिसतो.'

मी खिडकीची काच खाली केली.
म्हटलं, 'कुणाचा?'